गणपती गेले की बघू

डाव्या कुशीवर पडून, फोनवर एका बोटाने हे लिहितेय. तिसावा आठवडा चालू आहे. दर चार तासांनी सिस्टर येऊन दंडाला पट्टा बांधते, आकडा बघते आणि चेहऱ्यावर काही न दाखवता लिहून जाते. त्यांना तसं शिकवत असावेत.

परवा त्यातलीच एक म्हणाली, "ताई, त्या पलीकडच्या मुलीला तुमचं सांगा ना. घरी सोडा म्हणून हट्ट धरून बसलीये."

पलीकडची मुलगी बावीस वर्षांची, देवरूखकडच्या एका वाडीतली. पाय सुजलेले, बीपी चढलेलं, आणि तोंडात एकच वाक्य, "मला काय होत नाय." मी तिला सांगितलं. ती ऐकून भिंतीकडे तोंड करून झोपली आणि घरी जायचा विषय तिने काढला नाही. पण सांगताना माझं निम्मं पोटातच राहिलं. ते आता लिहून काढते.

हलवायचे नाहीत

आमचं घर रत्नागिरीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्याला, आत उतरून. घरात सासरे म्हणजे अण्णा, सासूबाई आणि मी. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर्ड. नवरा संदेश मालवाहू जहाजावर, वर्षातले सात-आठ महिने पाण्यात. मी आंबा कॅनिंगच्या कारखान्यात वजनकाट्यावर. आमरसाचा डबा साडेआठशे ग्रॅमचा. काटा पुढेमागे झाला की डबा बाजूला काढायचा, एवढंच माझं काम.

तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिवस गेले. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यामुळे घरात मला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं होतं. नारळ फोडायचा नाही, कोहळा चिरायचा नाही, तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसायचं नाही. मी सगळं हसत पाळत होते. लाड कोणाला आवडत नाहीत?

गणपती आले तेव्हा मला सहावा लागला होता. आमचे गणपती गौरींबरोबर जातात. पण घरात गर्भारशी असली की मूर्ती हलवायची नाही, बाळंतपण होईपर्यंत गणपती घरातच ठेवायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. रोज पूजा, रोज दिवा, रोज नैवेद्य. सासूबाईंनी ते आनंदाने अंगावर घेतलं. "पोराला सोबत म्हणून देव राहिलाय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती आमच्याकडच्या कोणालाही लगेच कळेल. श्रावण संपत आला की कोकणात प्रत्येक कामाला एकच उत्तर असतं. नळ गळतोय? गणपती गेले की बघू. दाढ दुखतेय? गणपती गेले की बघू. त्यात काही वावगंही नाही, कारण पाच-सात दिवसांचा प्रश्न असतो.

माझी तपासणी नेमकी गौरीपूजनाच्या दिवशी होती. डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, बरोबर चार आठवड्यांनी या. घरात मुंबईहून आलेली अकरा माणसं. गाडी काढायला अण्णा मोकळे नाहीत, उकड काढायला मी लागणार. सासूबाई म्हणाल्या, "चार दिवसांनी काय फरक पडताय? गणपती गेले की बघू."

मी हो म्हटलं. मलाही जायचं नव्हतं. माणसं होती, गप्पा होत्या, मी मधोमध बसून मोदक वळत होते.

मग गौरी गेल्या, मुंबईकर गेले. गणपती मात्र गेले नाहीत. त्यामुळे ते "गेले की" आमच्या घरात आलंच नाही. ठरवून टाळलं असतं तर निदान कोणाला बोट दाखवता आलं असतं. जायचं नुसतं राहून गेलं.

बाळसं तुलाच आलंय

दहाव्या दिवसाच्या सुमारास डोकं दुखायला लागलं. आधी कपाळ, मग मागे मानेपर्यंत. धूप-अगरबत्तीने होतंय म्हणून मी खिडकी उघडून बसायची. पायावर पाणी उतरलं होतं, ते तर सगळ्यांनाच उतरतं. मग हात सुजले. लग्नातली अंगठी निघेना. सासूबाईंनी खोबरेल लावून ती फिरवून फिरवून काढली आणि म्हणाल्या, "बाळसं तुलाच आलंय गो." आम्ही दोघी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि आलं की माझाच राग येतो.

संदेशने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "तोंड एवढं गोल कसं दिसतंय तुझं?"

"दोघांचं खातेय," मी म्हटलं.

"डोकं वगैरे नाही ना दुखत? इथला सेकंड इंजिनिअर सांगत होता, त्याच्या बायकोला..."

"काही नाही दुखत. तू तुझं इंजिन सांभाळ."

हे मी का म्हटलं? तो मधल्या समुद्रात होता, काळजी करण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. शिवाय दुखणं अंगावर काढायचं, ही आम्हा बायकांना लहानपणापासून लागलेली सवय. पण खोटं ते खोटं. फोन माझ्या हातात होता आणि त्यात डॉक्टर मॅडमचा नंबर होता. सासूबाईंना नावं ठेवण्याआधी मी हे लिहून ठेवते.

ड्रॉवर

अण्णांना बीपी आहे. त्यांचं मशीन बाहेरच्या खोलीतल्या शोकेसच्या ड्रॉवरमध्ये असतं. गणपतीचं टेबल शोकेसला टेकवून मांडतात आणि वर मखर. मखर उभं राहिलं की तो ड्रॉवर उघडत नाही. दर वर्षी अण्णा गणपतीत बीपी बघायचं सोडतात, आणि मूर्ती उठली की पुन्हा सुरू करतात.

त्या वर्षी एकोणीस दिवस ते मशीन गणपतीच्या पाठीमागे, माझ्यापासून चार पावलांवर पडून होतं. ते माझ्या दंडाला बांधावं हे कोणाच्याही मनात आलं नाही. बीपी म्हाताऱ्यांना होतं, अशी आमची समजूत होती.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी पेज प्यायला बसले आणि समोरच्या भिंतीवर काजवे दिसायला लागले. दिवसाढवळ्या, पिवळे. बरगडीखाली उजवीकडे कळ आली. मी म्हटलं, "आई, मला नीट दिसत नाहीये."

सासूबाई देवघरातून धावत आल्या. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय होणार नाय हां. घरात गणपती बसलेत." मग अंगारा आणायला वळल्या.

अण्णा मात्र उठले. त्यांनी टेबल दोन्ही हातांनी धरून मूर्तीसकट वीतभर पुढे ओढलं. सासूबाई ओरडल्या, "अहो, हलवू नका." मखराची एक कड फाटली. अण्णांनी हात घालून मशीन काढलं, माझ्या दंडाला बांधलं, आकडा बघितला, पुन्हा बांधलं, पुन्हा बघितला. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे वीस.

"मशीन बिघडलं असंल," सासूबाई म्हणाल्या.

अण्णांनी पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. त्यांचं बरोबर दाखवलं. मग ते गाडी काढायला गेले.

पडदे ओढलेली खोली

रुग्णालयात पोचेपर्यंत मला झटका आला होता. त्यातलं मला काही आठवत नाही. अण्णा म्हणे पुढे बघून गाडी चालवत होते आणि सासूबाईंनी माझ्या दातांत पदराचा बोळा धरला होता. तसं काही तोंडात घालायचं नसतं, हे नंतर कळलं.

जाग आली ती पडदे ओढलेल्या खोलीत. या आजारात उजेड नको, आवाज नको, म्हणून तिथे सगळे कुजबुजत बोलतात. सलाईनमधून एक औषध जात होतं, त्याने आतून अंगभर आग व्हायची. दर तासाला सिस्टर छोट्या हातोडीने गुडघ्यावर टक करून बघायची, पाय उडतोय का. उडाला की म्हणायची, "छान." दोन दिवस माझ्याकडून एवढीच अपेक्षा होती.

डॉक्टर मॅडम खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजावं.

"अनघा, बीपी ऐकत नाहीये. लिव्हरवर, किडनीवर ताण आलाय. यावर औषध एकच, बाळ बाहेर काढणं."

"सत्तावीस आठवडेच झालेत," मी म्हटलं.

"हो."

"जगेल?"

"प्रयत्न करू. पण थांबलो तर तुम्ही दोघीही..." त्या थांबल्या. मुलगी आहे हे त्या बोलून गेल्या होत्या, आणि सांगायचं नसतं हे त्यांना बोलल्यावर आठवलं. त्या क्षणी मला कायद्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, मुलगी आहे तर.

मी विचारलं, "त्या दिवशी तपासणीला आले असते तर?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "तेव्हा कळलं असतं. गोळ्या सुरू करता आल्या असत्या. चार-पाच आठवडे मिळाले असते कदाचित."

चार-पाच आठवडे. मी ते अजून मोजते.

सातशे ऐंशी

सिझरनंतर तिला माझ्या गालाला एकदा लावलं आणि घेऊन गेले. ती रडली नाही, मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज काढला. वजन सातशे ऐंशी ग्रॅम. आमच्या काट्यावर तो डबा मी बाजूला काढला असता. हे असं मनात आलं, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

एवढ्या लहान बाळासाठी लागणारी यंत्रं कोल्हापुरात होती. अँब्युलन्स निघाली. मला उठायची परवानगी नव्हती, सासूबाईंना गाडी लागते, म्हणून अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. तीस वर्षं त्यांनी रत्नागिरी-कोल्हापूर केलं होतं. निघताना खोलीच्या दारातून म्हणाले, "कुठला खड्डा कुठे हाय, सगळा ठावुक हाय माका. पोरीला धक्का लागू देणार नाय."

तिकडून ते रोज दोनदा फोन करायचे. बोलायचे कमी. "श्वास मशीनवर हाय." "आज बोट धरलान माझा." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दूध मागतायत. आईचा असंल तर बरा म्हणतायत."

दूध म्हणजे काय, तर तासभर दाबून चमचाभर. देवरूखहून माझी आई आली होती, तिने मान खाली घालून ते काम केलं. सिस्टरने सिरिंजमध्ये भरून दिलं. पण पाठवायचं कसं? अण्णांनी कोणाला तरी फोन लावला आणि संध्याकाळी एक खाकीतला माणूस वॉर्डच्या दाराशी येऊन उभा राहिला. कोल्हापूर गाडीचा ड्रायव्हर, अण्णांच्या हाताखाली शिकलेला. बर्फ घातलेला थर्मास त्याने दोन्ही हातांनी घेतला. म्हणाला, "वहिनी, गाडी लेट होणार नाय."

तीन दिवस माझं दूध एसटीने आंबा घाट चढून गेलं. रोज वेगळा ड्रायव्हर, थर्मास तोच. सीटच्या मागे टॉवेलात गुंडाळून ठेवायचे आणि अण्णा स्टँडवर उभे असायचे. एका वेळेला एक मिली, नळीतून. त्या आठवड्यात माझ्या वाट्याला आलेलं चांगलं म्हणजे एवढंच, आणि ते थोडं नव्हतं.

सहाव्या दिवशी थर्मास भरून तयार होता. न्यायला कोणी आलं नाही. मग माझ्या लक्षात आलं.

घाट उतरून

अण्णा तिला मांडीवर घेऊन घाट उतरले. भाड्याची गाडी होती, ड्रायव्हरला खड्डे तेच सांगत होते. रुग्णालयाच्या मागच्या आवारात त्यांनी ती थांबवायला लावली आणि मला चाकाच्या खुर्चीवरून खाली नेलं. सिस्टर म्हणाली, पाच मिनिटं. कोणी घड्याळ बघितलं नाही.

पांढऱ्या मऊ कापडात होती. नाक संदेशचं. कपाळावर नळीच्या चिकटपट्टीचा चौकोन. नाव ठेवलंच नव्हतं, तिकडच्या कागदावर "अनघाचं बाळ" एवढंच होतं. मी तिला हातात घेतलं तेव्हा माझ्या अंगाला दूध सुटलं आणि गाऊन भिजला. शरीराला कोणी कळवलं नव्हतं.

अण्णा गाडीला टेकून उभे होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. म्हणाले, "गो अनघा, एक पण खड्डा घेतला नाय."

कोंडीवर

मी घरी आले तेव्हा गणपती तिथेच होते, फाटक्या मखरात. सोयरसुतक होतं म्हणून पूजेला शेजारचे आजोबा यायचे. मूर्तीच्या सोंडेपासून हातापर्यंत कोळ्याने एक धागा ओढला होता, तो कोणी काढला नव्हता.

सासूबाई आणि मी एका घरात राहून एकमेकींशी बोलत नव्हतो. त्या ताट आणून ठेवायच्या आणि जायच्या. मी त्यांच्यावर मनातल्या मनात खटले चालवत होते. त्या स्वतःवर चालवत असाव्यात, कारण त्यांनी समईसमोर बसणं सोडलं होतं. वात लावायच्या आणि उठायच्या.

गणपती बसल्यापासून बत्तिसाव्या दिवशी संदेश पोचला. कुठल्याशा बंदरात उतरून, तीन विमानं बदलून. बॅग खाली ठेवल्यावर तो आधी मला भेटला, मग त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने मूर्ती उचलली.

दर वर्षी विसर्जनाला नदी फुगलेली असते. आता पाऊस सरला होता, पाणी घोट्याएवढं. मूर्ती बुडेल असं पाणी फक्त वरच्या कोंडीत, खडकामधल्या डोहात होतं. तिथवर आम्ही चौघं चाललो. मी टाक्यांवर हात धरून. ढोल नाही, आरती नाही, वाडीतलं कोणी नाही. सासूबाईंनी मूर्तीच्या हातावर दही घातलं. संदेश पाण्यात उतरला. मूर्ती खाली गेल्यावर म्हणायचं ते वाक्य चौघांनाही माहीत होतं, पुढच्या वर्षी लवकर या. कोणीही म्हटलं नाही.

घरी आल्यावर अण्णांनी शोकेसचा ड्रॉवर रिकामा केला आणि मशीन माझ्या खोलीत आणून ठेवलं. ते तेव्हापासून तिथेच आहे.

यंदा

पुन्हा दिवस गेले ते कळल्यावर मी आनंदले नाही. घाबरले. पाचवा, सहावा, ज्या महिन्यांत बायका ओटी भरून घेतात, फोटो काढतात, ते महिने मी दंडाला पट्टा बांधून काढले. डोहाळजेवणाला नाही म्हटलं. बाळंतविड्याचं सामान आणू दिलं नाही. फक्त एक टोपी विणली आणि ती कपाटात उलटी ठेवलीय. मॅडमनी तिसऱ्या महिन्यातच गोळी सुरू केली होती. अण्णा सकाळ-संध्याकाळ आकडा घेऊन वहीत लिहायचे. सासूबाईंशी माझं बोलणं कामापुरतं सुरू झालं होतं. मन साफ झालं होतं असं म्हणणार नाही.

पलीकडच्या मुलीला मी जे सांगितलं ते इथेही सांगते. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे आले, हात-तोंड सुजलं, बरगडीखाली कळ आली, तर यातलं एक जरी झालं तरी त्या दिवशीच जायचं. सण असो, पाहुणे असोत, घरात देव असो.

चतुर्थीला सत्ताविसावा आठवडा सुरू झाला. तोच आठवडा. सकाळी संदेश आणि अण्णा मूर्ती घेऊन आले. मूर्तीच्या तोंडावर रुमाल, दारात पाट, सासूबाई आत उकड मळत होत्या. मूर्ती आत घ्यायची म्हणून मी उठले आणि अण्णा म्हणाले, "आधी हात दे."

एकशे बेचाळीस, ब्याण्णव. दहा मिनिटांनी पुन्हा, एकशे चव्वेचाळीस.

डोकं दुखत नव्हतं, काजवे नव्हते. मला वाटलं, थोडं आडवं व्हावं, उतरेल. मूर्ती बसू दे, पूजा होऊ दे, दुपारून जाऊ. तोंडात ते वाक्य पूर्ण तयार होतं. तीन वर्षं त्याच वाक्याचा राग सासूबाईंवर धरून बसलेली मीच.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. कोपरापर्यंत हात पिठाचे. त्यांनी वहीतला आकडा वाचला, आत जाऊन गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग न्हाणीत पाण्याचा. ओल्या हातांनीच त्यांनी माझी फाइल काखेत मारली आणि माझ्या चपला माझ्या पायापुढे ठेवल्या.

"चल."

मी दाराकडे बघितलं. संदेश मूर्ती धरून पायरीवर उभा होता. "आणि गणपती?"

"पाटावर ठेव रे त्यांना, तिथेच, दारात," सासूबाई संदेशला म्हणाल्या आणि माझा हात धरून पायऱ्या उतरल्या. "ते थांबतील."